उसना वेटसूट: नाळेत उतरण्यापूर्वी काय पाहावे

विजापूर रस्त्याला राहणाऱ्या एका तरुण शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही सोलापूरचे सहा जण डिसेंबरच्या अखेरीस सह्याद्रीतील एका नाळेत, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीत, दोन दिवसांच्या कॅनियनिंगसाठी (पाण्याच्या घळीतून दोराने आणि पोहत उतरण्यासाठी) जाणार आहोत. दोर, हार्नेस (दोराला जोडून घेण्याचा कमरेचा पट्टा) आणि हेल्मेट आयोजक देणार आहेत, वेटसूट मात्र ज्याचा त्याने आणायचा आहे. पुण्याचा माझा मावसभाऊ त्याचा सर्फिंगचा ३/२ सूट द्यायला तयार आहे, परंतु तो पावणेसहा फूट उंच आहे आणि माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. मालवणला डायव्हिंग करणारी एक मैत्रीण तिचा ३ मिमीचा आखूड सूट देईल. तिसरा पर्याय नवा घेण्याचा. मला थंडी लवकर वाजते. काय करावे?"

उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून. मावसभावाचा सूट आणू नका. मैत्रिणीचा सूट तुमच्या मापाचा असेल तर तो जरूर घ्या, परंतु तो एकटा पुरणार नाही. त्याच्या आत घालण्यासाठी तुमच्या मापाचा अखंड, म्हणजे मनगटापासून घोट्यापर्यंतचा, पातळ सूट पुण्यातून भाड्याने आणा. तूर्त नवा विकत घेऊ नका. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती अशी की जाडीचा विचार मापानंतर करायचा असतो. अंगाला न बसणारा ५ मिमीचा सूट अंगाला घट्ट बसणाऱ्या ३ मिमीच्या सुटापेक्षा थंड असतो, आणि उसन्या सुटांच्या बाबतीत नव्वद टक्के घोटाळा इथेच होतो, कारण उसने घेताना आपण देणाऱ्याचे मन पाहतो, त्याचे माप पाहत नाही.

वेटसूट पाणी अडवतो असा पुष्कळांचा समज असतो. तो पाणी अडवत नाही. त्याचे कापड म्हणजे निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा फेस असतो आणि त्यात वायूचे असंख्य सूक्ष्म, बंद बुडबुडे असतात. ऊब राखण्याचे काम हे बुडबुडे करतात. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हा सूट घडवला, तेव्हा त्यांच्या विचाराचा गाभा हाच होता की कापडातच पुरेसा वायू अडकलेला असेल तर माणसाने कोरडे राहण्याची गरज नाही. सूट आणि कातडी यांच्यामध्ये शिरलेला पाण्याचा पातळ थर शरीराच्या उष्णतेने कोमट होतो आणि तिथेच थांबतो. तो थांबला तरच सगळे जमते. सूट सैल असेल तर प्रत्येक हालचालीबरोबर कोमट पाणी बाहेर जाते, थंड पाणी आत येते आणि शरीराला तोच थर पुन्हा पहिल्यापासून तापवावा लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे हे तापवणे शरीराला फार महागात पडते.

हा धडा मी पुस्तकातून शिकलेलो नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका मित्राचा ५ मिमीचा सूट मी मोठ्या आनंदाने नेला होता. तो माझ्यापेक्षा दोन मापांनी मोठा होता, आणि जाड आहे म्हणजे उबदार असणारच, या हिशेबाने मी निर्धास्त होतो. पहिल्या डोहात उडी मारली तेव्हा मानेतून शिरलेले पाणी पाठीवरून थेट कमरेपर्यंत गेले आणि कमरेच्या खोलगटीत पखालीसारखे साठून राहिले. पोहताना तेवढे जाणवले नाही. तिसऱ्या टप्प्यावर मात्र आमच्यापुढे बारा जण दोराच्या रांगेत होते, धबधब्याचे तुषार अंगावर येत होते आणि घळीत वाऱ्याचा झोत होता. पाऊण तासाने माझी पाळी आली तेव्हा कॅरॅबिनरचा, म्हणजे दोरात अडकवण्याच्या धातूच्या कडीचा, स्क्रू मला उघडता येईना. स्क्रू नेहमीसारखाच सैल होता, पण बोटे हुकूम ऐकत नव्हती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना भिडवून मी नुसता पाहत राहिलो. शेवटी मागच्या मुलाने तो उघडून दिला. ज्याला स्वतःचा कॅरॅबिनर उघडता येत नाही त्याने दोरावर जाऊ नये, हे त्या दिवशी मला कोणी सांगितले नाही आणि मीही बोललो नाही. आज माझ्या तुकडीत असे कोणी दिसले तर मी त्याला आधी कोरडे करून, काही खायला घालून बसवतो.

त्यावरून जाडीच्या प्रश्नाकडे येऊ. दरीत थंडी वाजते ती पोहताना कमी आणि ताटकळताना अधिक. म्हणून आयोजकांना पाण्याच्या तापमानाबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: तुकडीत किती माणसे आहेत, आणि दोन दोर लावणार की एकच? सहा जणांच्या तुकडीला ३ मिमी पुरतो, तिथे वीस जणांच्या तुकडीला तो अपुरा पडतो. पाणी तेच असते, उभे राहण्याचा वेळ तिप्पट झालेला असतो. सर्वसाधारणपणे पाणी १८ ते २२ अंश सेल्सिअस असेल तर ३ मिमीचा अखंड सूट, १२ ते १८ अंशांत ४ ते ५ मिमी, आणि त्याखाली ५ मिमीचे दोन थर व डोक्याला निओप्रीनची टोपी, असा हिशेब मी धरतो. बारीक चणीच्या माणसाला आणि लहान मुलांना एक पायरी वरची जाडी द्यावी. सह्याद्रीत पाऊस ओसरल्यानंतरच्या मोसमात बहुतेक ठिकाणी पहिला गट लागू पडतो. मात्र साम्रदजवळच्या सांधण दरीसारख्या अरुंद घळीत ऊन तळापर्यंत क्वचितच पोचते, आणि तिथे डिसेंबरच्या सकाळी साठलेल्या पाण्यात उतरताना भल्याभल्यांचा श्वास अडखळतो. उत्तराखंडात किंवा नेपाळमध्ये बर्फ वितळून आलेल्या पाण्यात जाणार असाल तर तो शेवटचा गट समजा. तिथे मालवणचा आखूड सूट म्हणजे थंडीत बनियन घालून फिरण्यासारखे आहे.

आता सुटांच्या जातींविषयी, कारण उसना सूट बहुधा दुसऱ्याच खेळाचा असतो. ३/२ याचा अर्थ धडाला ३ मिमी आणि हातापायांना २ मिमी. सर्फिंगचा सूट अतिशय लवचीक आणि मऊ असतो, कारण त्यात सतत हात मारायचे असतात आणि खाली वाळू असते. आपल्याकडे खाली बेसॉल्टचा काळा खडक आहे. कोरडा असताना तो कानशीसारखा खरखरीत असतो आणि शेवाळ धरला की साबणासारखा, त्यामुळे माणूस घसरतो आणि सूट फाटतो, दोन्ही एकाच वेळी. डायव्हिंगचा सूट त्यामानाने दणकट असतो. खोल पाण्याच्या दाबाने बुडबुडे दबतात, म्हणून त्याचे निओप्रीन बहुधा घट्ट घेतात, आणि दरीत ते सोसते, फक्त गुडघे वाकवताना जरा अडते. ट्रायथलॉनचा (पोहणे, सायकल आणि धावणे या तिहेरी शर्यतीचा) गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभागाचा सूट कोणी कितीही प्रेमाने दिला तरी घेऊ नये. नखानेही त्याला चीर पडते, आणि तो हजारो रुपयांचा असतो. खास कॅनियनिंगचा सूट बहुतेक दोन भागांत येतो. खालचा बिनबाह्यांचा, खांद्यापर्यंत येणारा, आणि त्यावर जाकीट. त्यामुळे धडावर दुहेरी जाडी मिळते, हात मोकळे राहतात आणि वाटचालीत जाकीट काढून ठेवता येते. गुडघे, कोपर आणि बैठक यांवर जाड, खरबरीत ठिगळे असतात. असा सूट उसना मिळाला तर देणाऱ्याला शेंगाचटणीचा मोठा डबा न्यावा, एवढी त्याची योग्यता आहे.

तुम्हाला मी दोन पातळ थर सुचवले ते याच तत्त्वावर. आत २ किंवा ३ मिमीचा अखंड सूट आणि त्यावर मैत्रिणीचा आखूड सूट घातला की धडावर पाच-सहा मिमी होतात आणि बैठकीच्या भागाला एक जादा कातडे मिळते. दोन्ही सूट एकावर एक घालून पाहिल्याशिवाय मात्र हे जमेल असे धरून चालू नका. वेगवेगळे घातल्यावर उत्तम बसणारे दोन सूट एकत्र घातल्यावर छाती आवळू शकतात.

माप पाहण्यासाठी घरी निवांत वेळ काढा आणि तो दुपारी काढू नका. सोलापुरात डिसेंबरच्या दुपारीसुद्धा बंद खोलीत निओप्रीन घालण्याची खटपट करणारा माणूस पाच मिनिटांत घामाने चिंब होतो आणि मग सूट खरोखर घट्ट आहे की घामाने चिकटला आहे, हे कळत नाही. पहाटे घाला. पायात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून पाय आत सरकवला की सूट सहज चढतो. नखांनी ओढू नका, बोटांच्या पेरांनी चिमटीत धरून वर सरकवा. आधी पाय आणि मांड्या पूर्ण बसवा, जांघेत पोकळी ठेवू नका, नाहीतर पुढे सारी ओढाताण खांद्यावर येते आणि सूट आखूड आहे असे वाटू लागते. चढल्यावर कमरेची खोलगटी, काखा, जांघ आणि गुडघ्यामागचा भाग चाचपून पाहा. तिथे कापड उचलले जाते का, म्हणजे आत हवा आहे का, ते पाहायचे. मग पूर्ण उकिडवे बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, आणि एक पाय खुर्चीवर ठेवून पुढे वाका. शेवटी छाती भरून दहा खोल श्वास घ्या. श्वास अपुरा वाटला, बोटांना मुंग्या आल्या किंवा गळ्याशी दाबल्यासारखे होऊन डोके हलके वाटले, तर तो सूट तुमचा नाही. बाह्या बोटभर लांब असल्या तर चालते, त्या दुमडता येतात. छाती आणि कंबर सैल असेल तर काही करता येत नाही. मावसभावाचा सूट मी नाकारला तो याच कारणाने. पुरुषांसाठी बेतलेल्या सुटात छाती, कंबर आणि नितंब यांचे प्रमाण निराळे असते, आणि सात इंच जास्त उंच माणसाच्या सुटात तुमच्या कमरेपाशी ओंजळभर नव्हे, तांब्याभर पाणी मावेल.

यानंतर पाण्यातली परीक्षा. आपल्याकडे ओळखीच्या कोणाच्या तरी शेतात पायऱ्यांची विहीर असतेच. पोहणाऱ्या माणसाला सोबत घेऊन तिथे जा, उडी मारा आणि दहा-बारा हात पोहा. प्रत्येक हाताबरोबर पाठीवरून गार ओहोळ गेला तर सूट सैल आहे. इथे एक फसगत सांभाळा. खोल विहिरीचे पाणी हिवाळ्यात बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असते, त्यामुळे "मला तर अजिबात थंडी वाजली नाही" हा निष्कर्ष तिथे काढू नये. विहीर तुम्हाला माप सांगते, ऊब सांगत नाही.

उसना सूट हातात आल्यावर तो माणसासारखा तपासा. शिवणी ताणून उजेडाकडे धरा. टाक्यांच्या भोकांतून उजेडाचे ठिपके दिसले तर पाणीही तिथूनच येणार. सपाट, दोन्ही बाजूंनी दिसणाऱ्या शिवणीत थोडे ठिपके असणारच. चिकटवून अर्ध्या जाडीत शिवलेल्या सुटात मात्र ते दिसता कामा नयेत. मग खांद्याजवळ आणि बैठकीजवळ कापड चिमटीत धरून जाडीची तुलना करा. जुन्या सुटाचे गुडघे आणि बैठक दबून निम्म्यावर आलेली असते, आणि अंगठ्याने दाबल्यावर जे निओप्रीन चटकन वर येत नाही त्यातले बुडबुडे मेलेले असतात, लेबलावर ५ मिमी लिहिले असले तरीही. घडीच्या जागी बारीक तडे असतील तर तो सूट वर्षानुवर्षे उन्हात किंवा माळ्यावर पडून होता असे समजा. चेन दोनदा पूर्ण लावून उघडा. आधीपासूनच्या चिरांचे देणाऱ्यासमक्ष फोटो काढून ठेवा. नाती टिकवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चीर आपल्याच हातून पडली तर काय करावे, याविषयी एक सांगतो. आमचे सोलापूर शिवणकामाचे गाव, शाळांचे गणवेश इथून कुठे कुठे जातात. तेव्हा गुडघ्याला गेलेली बोटभर चीर घेऊन मी मोटारींची सीट कव्हरे शिवणाऱ्या एका कुशल कारागिराकडे गेलो. त्याने सूट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "काय ओ सर, ही ट्यूब अंगात घालायची व्हय?" शिवण त्याने फार सुबक घातली. पुढच्या फेरीत सूट नेमका त्या शिवणीवर, पोस्टाच्या तिकिटासारखा, सरळ रेषेत फाटला. दोष कारागिराचा नव्हता. मशीनची सुई निओप्रीनला आरपार भोके पाडते आणि ती भोके ताणाखाली एकमेकांना मिळतात. बरोबर पद्धत अशी की दोन्ही कडा स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवायच्या, निओप्रीनवर आधारित चिकटद्रव्याचा पातळ हात दोन्ही कडांना द्यायचा, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबायचे, आणि मग कडा नेमक्या जुळवून जोराने दाबायच्या. असे चिकटद्रव्य चपला-बुटांच्या कामातही वापरतात. एकदा जुळल्या की कडा सरकत नाहीत, म्हणून घाई नको. एक दिवस सूट तसाच ठेवावा. टाका घालायचाच असेल तर तो हाताने, आतल्या बाजूने, अर्ध्या जाडीतच घालावा.

हार्नेस सुटावर चढवून घरीच पाहता आला तर उत्तम, कारण दोन थरांवर कमरेचा पट्टा एक-दोन घरे सैल करावा लागतो आणि भिजल्यावर तो पुन्हा आवळावा लागतो. पाठीमागे चेन असलेल्या सुटाची लांब दोरी खोचून ठेवा. दोराजवळ काहीही लोंबकळता कामा नये. बैठक वाचवण्यासाठी सुटावर जाड नायलॉनची जुनी हाफ पँट घाला. आत सुती कपडे नकोत. सुती कापड पाणी धरते आणि काखेत व जांघेत सोलवटते. पातळ लायक्रा घाला, त्याने दुसऱ्याच्या सुटातून येणाऱ्या गजकर्णासारख्या त्वचारोगांपासूनही थोडा बचाव होतो. मान घासली जाते म्हणून काही जण पेट्रोलियम जेली चोपडतात, पण ती रबराला मानवत नाही. पायात निओप्रीनचे मोजे घालणार असाल तर बूट एक माप मोठे लागतील, हे निघण्याच्या आदल्या रात्री लक्षात येऊन उपयोग नसतो. सूट अंगात चढवून गाडीपासून चालत निघू नका. तासाभराच्या चढउतारात निओप्रीनमध्ये उष्माघाताची वेळ येऊ शकते. तो पाठीवरच्या पिशवीत न्या आणि पहिल्या पाण्याशी घाला.

सुटामुळे माणूस तरंगतो, तरीही तो लाइफ जॅकेटचे काम करत नाही. धबधब्याच्या पायथ्याच्या फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते आणि तिथे कोणताही सूट नेहमीइतके वर उचलत नाही. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी जॅकेट घालावेच. सोबत्यांकडे लक्ष ठेवा. कोणाच्या हातातून वस्तू निसटू लागल्या, शब्द जड येऊ लागले, किंवा एरवी हसरा असणारा माणूस विनाकारण चिडू लागला, तर थंडी आत पोचली आहे. कुडकुडणारा माणूस अचानक शांत झाला तर ते बरे वाटण्याचे लक्षण मुळीच नव्हे. त्याला लगेच वाऱ्यापासून आडोशाला घ्या आणि कोरडे करा. त्यासाठी प्रत्येकाच्या पिशवीत जलरोधक वेष्टनात एक कोरडा जोड असावा. मी टर्किश टॉवेलचे दोन मोठे तुकडे खांद्यावर शिवून, मध्ये डोके जाईल असा एक झगा केला आहे. त्याने अंगही टिपले जाते आणि उघड्यावर कपडेही बदलता येतात. आपल्या गावात हा झगा तयार करायला तासभर पुरतो.

भाड्याचा सूट आणण्यासाठी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन संध्याकाळी त्याच गाडीने परतता येते. फोनवर माप सांगून पार्सलने मागवू नका. मैत्रिणीचा आखूड सूट सोबत न्या आणि दुकानातच दोन्ही एकावर एक घालून वर सांगितल्याप्रमाणे उकिडवे बसून पाहा. दुकानदाराला त्याची सवय असते. वर्षातून चार-पाच वेळा पाण्यात उतरणे होऊ लागले, की मग स्वतःचा दोन भागांचा सूट घेण्याचा विचार करा. तोवर तुम्हाला स्वतःच्या थंडीचा अंदाजही आलेला असेल.

परत आल्यावर सूट त्याच दिवशी साध्या पाण्यात दोनदा बुडवून, खळबळून घ्या. वॉशिंग मशीन नको, गरम पाणी नको, पिळणे नको. आतली बाजू आधी वाळवा, मग बाहेरची. वाळत घालायचा तो सावलीत, रुंद दांडीवर कमरेपाशी दुमडून. तारेवर खांद्याने टांगला तर पाण्याच्या वजनाने खांदे ओघळतात. आपल्या गच्चीवरच्या उन्हात तो दोन तासांत वाळतो हे खरे, पण तेच ऊन निओप्रीनला कडक करते. चेनला मेण चोळा, चीर असेल तर स्वतःहून दाखवा, आणि मैत्रिणीला सूट घडी न घालता सैलसर गुंडाळून द्या.